बंद पबचा वाद नंतर, आधी नोंदणी आणि छप्पर: इंग्लंडमधल्या मराठी शेजाऱ्यांना खुले पत्र

इंग्लंडच्या शहरांत आणि उपनगरांत राहणाऱ्या, कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या पबचे काय व्हावे यावर मंडळाच्या बैठकीत आणि वस्तीच्या सभेत बोलणाऱ्या सर्व मराठी मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

पबला कुलूप लागून वर्ष-दोन वर्षे होतात. खिडक्यांवर प्लायवूड ठोकले जाते, पार्किंगमध्ये कुणीतरी जुनी गादी टाकून जाते, आणि मग सभा सुरू होतात. त्या सभांत आपल्या लोकांची तीन मते हमखास ऐकू येतात. फ्लॅट होऊ देत, निदान कुणाला घरे तरी मिळतील. मंडळाने जागा घेऊन हॉल करावा, शाळांचे हॉल भाड्याने घेऊन दमलो. आणि तिसरे, दारूचे ठिकाण गेले ते बरेच झाले, आपण त्यात कशाला पडायचे. तिन्हींवर आम्ही पुढे बोलणार आहोत. पण त्याआधी एक मागणे आहे. हा वाद मिटेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. जागेचा निर्णय वस्तीच्या हातात राहायचा असेल तर दोन कामे आजच करायची आहेत: काउन्सिलकडे नोंदणी आणि छपराचा पाठपुरावा. या दोन्हींसाठी पुढे तिथे काय व्हावे यावर एकमत लागत नाही.

नोंदणी म्हणजे २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली ती जागा ‘असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’, म्हणजे वस्तीच्या उपयोगाची मालमत्ता, म्हणून काउन्सिलच्या यादीत घालून घेणे. अर्ज पॅरिश काउन्सिल (इथली ग्रामपंचायत म्हणा) करू शकते, स्थानिक काम असलेली नोंदणीकृत धर्मादाय संस्था करू शकते, किंवा किमान २१ स्थानिक मतदारांचा साधा, नोंदणी नसलेला गट करू शकतो. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते, पण भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन इथे राहणारा माणूससुद्धा राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून इथल्या मतदार यादीत नाव घालू शकतो. म्हणजे त्या २१ सह्यांत त्याचीही सही चालते. ज्यांची नावे अजून यादीत नाहीत त्यांची आधी घाला, मगच सह्या गोळा करा. काउन्सिल प्रत्येक नाव यादीशी ताडून पाहते आणि २१ पैकी एक नाव जरी गळाले तरी अर्ज परत येतो. काठावर राहू नका, ३० सह्या घ्या.

अर्जात चार गोष्टी लागतात: जागेचे वर्णन आणि हद्द, मालक व भोगवटादार यांची जी माहिती मिळेल ती, ही जागा वस्तीच्या सामाजिक उपयोगाची का आहे याची कारणे, आणि आपण अर्ज करायला पात्र आहोत याचा पुरावा. काउन्सिलने आठ आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. एकदा नाव लागले की ते पाच वर्षे राहते.

अर्ज सर्वांत जास्त फसतो तो हद्दीच्या नकाशावर, म्हणून इथे जरा थांबतो. लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टरच्या उपनगरांतले बरेच मोठे पब १९२० आणि ३० च्या दशकांत ब्रुअरींनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, मोठ्या प्लॉटवर बांधले. पुढे भरपूर पार्किंग, मागे बाग, बाजूला समारंभाची खोली, वर पबचालकाचे राहते घर. आज त्या प्लॉटवर बिल्डरचा डोळा असतो तो मुख्यतः पार्किंगवर. अर्जदार घाईघाईत फक्त इमारतीभोवती लाल रेघ मारतात. मग मालक पार्किंग वेगळे काढून विकतो आणि नोंदणी त्याला अडवू शकत नाही. तिथे घरे उभी राहिली की पबचा जीव जातो: बिअरची पिंपे उतरवायला ट्रक उभा राहत नाही, कचऱ्याच्या मोठ्या पेट्या ठेवायला जागा उरत नाही, स्वयंपाकघराचा धूर नव्या खिडक्यांवर जातो आणि बागेतल्या आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. म्हणून लाल रेघ पार्किंग, बाग, शेड, गाडी आत येण्याचा रस्ता, सगळ्याला धरून काढा.

त्यासाठी लँड रजिस्ट्रीकडून मालकीचा उतारा आणि नकाशा काढा. ऑनलाइन प्रत्येकी सात पौंड लागतात. उताऱ्याचे तीन भाग असतात: पहिल्यात जागेचे वर्णन, दुसऱ्यात मालक, तिसऱ्यात बोजे आणि बंधने. हा तिसरा भाग आपल्या सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यासारखा आहे आणि तोच सर्वांत आधी वाचायचा. पब विकताना ‘यापुढे इथे मद्यविक्री करायची नाही’ अशी अट कंपन्या विक्रीखतातच घालतात, हे अनेकदा दिसते. ती अट असेल तर ती उठवण्याची बोलणी किंमत ठरवण्याआधी करावी लागतात. प्लॉट दोन उताऱ्यांत विभागलेला असणे हेही नेहमीचे, तेव्हा पार्किंगचा उतारा वेगळा आहे का ते बघा.

पब बंद असेल तर कायदा दोन गोष्टी विचारतो. नजीकच्या काळात वस्तीला त्याचा उपयोग होता का, आणि पुढच्या पाच वर्षांत तसा उपयोग पुन्हा होणे शक्य कोटीतले आहे का. ‘नजीकचा काळ’ म्हणजे किती वर्षे हे कायद्यात सांगितलेले नाही, म्हणून उशीर जितका जास्त तितकी बाजू लंगडी. तारखांसह पुरावे जमवा: क्विझ नाइटच्या जाहिराती, फुटबॉल संघाच्या बक्षीस समारंभाचे फोटो, अंत्यविधीनंतरच्या चहापानाची बिले, रहिवासी संघाच्या बैठकांची इतिवृत्ते. मंडळाने तिथे कोजागरी किंवा दिवाळीचे जेवण केले असेल तर तीही पावती जोडा. आठवणींचे परिच्छेद लिहून काउन्सिलच्या अधिकाऱ्याचे काम होत नाही, तारीख असलेल्या कागदाने होते.

नोंदणीने काय मिळते ते नीट समजून घ्या, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. मालकाने जागा विकायची म्हटले की त्याला काउन्सिलला कळवावे लागते. तिथून सहा आठवड्यांत वस्तीच्या संस्थेने ‘आम्हाला बोली लावायची आहे’ असे लिहून दिले, तर मालकाच्या सूचनेपासून एकूण सहा महिने त्याला दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. ते सहा महिने संपले की तो कुणालाही विकू शकतो. तुम्हालाच विकण्याचे बंधन त्याच्यावर नाही. चालू धंदा म्हणून पब विकला तर हा सगळा नियमच लागत नाही. खरी अडचण पुढे आहे: २१ मतदारांचा साधा गट नोंदणीचा अर्ज करू शकतो, पण ते सहा महिने मागू शकत नाही. ते मागायला रीतसर नोंदलेली संस्था लागते. अनेक गट पहिल्या यशावर निर्धास्त राहतात, विक्रीची सूचना येते आणि सहा आठवड्यांत संस्था उभी करण्याची धावपळ होते. अर्ज टाकल्या दिवसापासून संस्थेचे काम सुरू करा. जुलै २०२५ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात सहाऐवजी बारा महिने आणि वस्तीला खरेदीचा पहिला हक्क, अशी तरतूद मांडली होती. तुमच्या अर्जाच्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते काउन्सिलकडून लेखी घ्या.

नियोजनाचा कायदाही तुमच्या बाजूने आहे. मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला नियोजनाची परवानगी लागते. सप्टेंबर २०२० पासून पब कुठल्याच वापर-वर्गात, म्हणजे नियोजन कायद्याने जागांच्या वापराचे पाडलेल्या गटांत, मोडत नाही, त्यामुळे दुकान किंवा ऑफिस करायलाही अर्ज करावाच लागतो. तरी पाडापाडी होते. लंडनच्या किलबर्न भागातला कार्ल्टन टॅव्हर्न एप्रिल २०१५ मध्ये परवानगीशिवाय पाडला गेला. वेस्टमिन्स्टर काउन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधण्याचा आदेश दिला, तो अपिलातही टिकला, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये पब पुन्हा उघडला. हे जमले त्याचे एक मोठे कारण म्हणजे पाडण्याआधी इमारतीचे फोटो आणि नक्षीकामाचे साचे घेऊन ठेवलेले होते. स्टॅफर्डशायरमधले हिमलीचे ‘क्रुकेड हाउस’ ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री जळाले आणि ७ ऑगस्टला जमीनदोस्त झाले. मध्ये दोन दिवस. तेव्हा फोटो आधी काढून ठेवायचे: चारही बाजू, प्रत्येक खिडकीची चौकट, दाराच्या पितळी मुठी, बारची लाकडी पाठभिंत, टाइल्स, जिन्याचा कठडा, धुराडी. प्रत्येक फोटोत मोजपट्टी धरा. आत जाता येत नसेल तर पब चालू असतानाचे फोटो जुन्या गिऱ्हाइकांकडे असतात, ते मागा.

आता छप्पर. ‘इमारत मोडकळीला आली आहे, वाचवणे परवडत नाही’ हे वाक्य तुम्ही प्रत्येक सभेत ऐकाल. इमारत त्या अवस्थेला कशी जाते हे समजले, तर ते वाक्य खरे ठरण्याआधी थांबवता येते.

१९२०-३० च्या दशकांतल्या त्या पबवर मातीची लहान कौले असतात आणि खाली फेल्ट, म्हणजे पाणी अडवणारे डांबरी कापड, बहुधा नसतेच. दोन उतार मिळतात तिथली पन्हळ शिशाच्या पत्र्याची असते. शिसे भंगारात चांगल्या भावाने जाते, म्हणून रिकाम्या इमारतीवरून पहिली चोरी त्याचीच होते. पत्रा गेला की पहिल्याच पावसात पाणी कौलांखालून थेट भिंतीच्या माथ्यावर उतरते. तिथेच वरच्या मजल्याच्या तुळयांची टोके विटांत रुतलेली असतात. एरवी घरातल्या ऊबेने लाकडातली ओल १०-१५ टक्क्यांच्या आसपास राहते. हीटिंग बंद, खिडक्यांना प्लायवूड, वारा नाही आणि वरून पाणी, अशा वेळी ती २० टक्क्यांच्या वर गेली की ड्राय रॉटची बुरशी धरते. नाव ‘ड्राय’ असले तरी तिला ओल लागतेच. एकदा धरली की ती विटा आणि गिलावा ओलांडून पुढच्या लाकडापर्यंत जाते, हा तिचा खरा धोका. ओळखायच्या खुणा अशा: आळंब्यांसारखा कुबट वास, फर्निचरवर गंजासारखी तांबूस धूळ, आणि लाकडाला आडव्या-उभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे सुटणे. तुळईच्या टोकात, भिंतीला अगदी लागून, साधा स्क्रू-ड्रायव्हर दाबा. चांगल्या लाकडात तो दोन-तीन मिलिमीटर जाऊन अडतो. कुजलेल्यात बिस्किटात जावा तसा मुठीपर्यंत जातो. अशा वेळी शेवटच्या दिसणाऱ्या खुणेपासून मीटरभर पुढेपर्यंतचे लाकूड काढण्याचा रिवाज आहे, म्हणजे एका पन्हळीपायी आख्खा मजला जातो.

उलट, वेळेवर करायचे काम साधे असते. पाने आणि कबुतरांची घाण काढून पन्हळी मोकळ्या करणे, शिशाच्या जागी तात्पुरते फेल्ट लावणे, प्लायवूडला वाऱ्यासाठी भोके पाडणे, हिवाळ्याआधी नळ आणि माळ्यावरची टाकी रिकामी करणे. रस्त्यावरची पाण्याची चावी बंद करून भागत नाही. टाकीतले आणि पाइपातले पाणी जानेवारीत गोठते आणि पाइप फुटतो. तळघरात पाणी उपसायचा पंप असेल तर विजेचे कनेक्शन तोडू देऊ नका. कनेक्शन गेले की पंप थांबतो आणि तळघर काही आठवड्यांत भरू लागते.

जागा खासगी आहे, परवानगीशिवाय आत शिरू नका. बाहेरून दुर्बिणीने जे दिसते ते पुरते: भिंतीवर पाइपाच्या मागे हिरवा पट्टा, सरकलेली कौले, पन्हळीत उगवलेले झुडूप. तक्रार ‘इमारत वाईट दिसते’ अशी मोघम करू नका. ‘मागच्या बाजूला, डावीकडून तिसऱ्या खिडकीवरची पन्हळ तुटली आहे, खाली दोन मीटर भिंत ओली आहे’ असे लिहा, फोटो आणि तारीख जोडा. १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याच्या कलम २१५ खाली परिसराची रया घालवणारी जागा दुरुस्त करायला काउन्सिल मालकाला नोटीस देऊ शकते. त्याने काम केले नाही तर स्वतः करून खर्च वसूल करू शकते. उघडी दारे-खिडक्या बंद करून घेण्याचा अधिकार वेगळा आहे, तोही मागा. नोटीस देणे काउन्सिलवर बंधनकारक नाही, म्हणून दर महिन्याला नव्या फोटोंसह पाठपुरावा लागतो.

पैशांचे गणित मराठी माणसाला नवे नाही. इथे कम्युनिटी बेनिफिट सोसायटी नावाची रचना आहे: एक सभासद एक मत, नफा वस्तीसाठी, भाग (शेअर) बाजारात विकता येत नाहीत, फक्त संस्थेकडून दर्शनी किमतीला परत मिळतात. एका व्यक्तीला असे परत घेता येणारे भाग जास्तीत जास्त एक लाख पौंडांचे घेता येतात. तीनशे जणांनी सरासरी ५०० पौंड घातले तर दीड लाख होतात. त्यात बाकीचे कर्ज आणि अनुदान बसवायचे. खरेदीच्या किमतीवर दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात: मालकाने जागेवर व्हॅट लावून घेतलेला असेल तर २० टक्के, आणि दीड लाखावरच्या रकमेवर स्टॅम्प ड्यूटी. शिवाय इमारत २००० सालाआधीची असेल तर काम सुरू करण्याआधी ॲस्बेस्टॉसची तोडफोड-पूर्व तपासणी, आणि माळ्यावर वटवाघळांची शक्यता असेल तर त्यांची पाहणी. ती उन्हाळ्यातच होते. सप्टेंबर चुकला तर पुढच्या मेपर्यंत थांबावे लागते.

मद्य परवान्याची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा. परवानाधारक कंपनी दिवाळखोरीत गेली की परवाना संपतो. तो दुसऱ्याच्या नावावर करून जिवंत ठेवायला २८ दिवसच मिळतात. ते गेले तर नवा अर्ज, नव्या हरकती, आणि बहुधा मद्यविक्रीला आधीपेक्षा कमी तास.

आता त्या तीन मतांकडे येतो.

फ्लॅट हवेत म्हणणाऱ्यांना: घरांची गरज खरी आहे, आणि वर फ्लॅट व खाली पब ही योजना नाकारावी असे आम्ही म्हणत नाही. पण नकाशातला ‘खाली पब’ नीट वाचा. तळघर गाळलेले, स्वयंपाकघराच्या धुराचे नळकांडे छपरापर्यंत नेलेले नाही, माल उतरवायला जागा नाही, बाग गेलेली, आणि नुसत्या चार भिंती. असा गाळा कुणी घेत नाही. मग दोन वर्षांनी ‘मागणी नाही’ म्हणत तिथेही फ्लॅटचा अर्ज येतो. म्हणून मंजुरीच्या अटींतच मागा: तळघर राहील, धुराचे नळकांडे छतावर निघेल, छताला ध्वनिरोधक थर असेल, आणि पबची जागा वापरायोग्य होऊन ताब्यात दिल्याशिवाय एकही फ्लॅट राहायला उघडणार नाही.

हॉल हवा म्हणणाऱ्यांना: नुसत्या मंडळाचा हॉल शनिवार-रविवारी भरतो आणि पाच दिवस रिकामा राहतो. हीटिंग, विमा, छप्पर यांची बिले मात्र सातही दिवसांची येतात. ‘आमच्या समाजासाठी’ असे अर्जात लिहिले की आजूबाजूचे शेजारी दुरावतात, आणि वस्तीच्या उपयोगाचा मुद्दाही पातळ होतो. समारंभाची खोली पबच्या आवारातच राहू द्या, तिला रस्त्यावरून वेगळे दार द्या आणि शाकाहारी स्वयंपाकासाठी वेगळा ओटा. गणपतीचे दिवस, शनिवारची मराठी शाळा, बारसे, सगळे तिथे होईल, आणि बारच्या उत्पन्नातून छप्पर सांभाळले जाईल. नॉर्थ यॉर्कशायरमधल्या हडस्वेलच्या ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’मध्ये गावाने २०१० साली पब घेऊन त्यातच वाचनालय, छोटे दुकान आणि भाजीचे वाफे चालवले. दक्षिण लंडनमधल्या ननहेडचे ‘आयव्ही हाउस’ २०१३ मध्ये ३७१ भागधारकांनी उघडले. वस्तीच्या उपयोगाची मालमत्ता म्हणून नोंद झालेला तो देशातला पहिला पब.

आणि दारूचे ठिकाण नको म्हणणाऱ्यांना: तुमच्या भावनेमागे काय आहे ते आम्ही जाणतो. दारूने उठलेली घरे आपल्यापैकी अनेकांच्या गावांत आहेत. पण इंग्लंडमध्ये या दारांचा आपल्या लोकांशी आणखी एक संबंध आहे. साठच्या दशकात मिडलंड्समधल्या पबांत भारतीयांना ठरावीक खोल्यांत बसू देत नसत. स्मेदिकच्या अशाच एका पबमध्ये १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांनाही नकार मिळाला. तिथल्या भारतीय कामगारांच्या संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला. पुढे त्याच भागातले, बंद पडत चाललेले पब भारतीय चालकांनी घेतले आणि मिक्स्ड ग्रिलच्या, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या, ताटांवर उभे केले. आज तिथे सगळ्या रंगांची माणसे एका टेबलाशी बसतात. तुम्ही चहा घ्या, लिंबू सोडा घ्या, पण त्या खोलीत वस्तीचे निर्णय होतात तेव्हा तिथे असा.

पुढच्या सभेला येताना मालकीचा उतारा छापून आणा, लाल रेघेचा नकाशा टेबलावर पसरा आणि ३० सह्यांचा कागद दारातच ठेवा. जागेचे पुढे काय, यावरचे बोलणे त्यानंतर सुरू करा.

आपले,
इमारतींची पाहणी, नियोजनाचे अर्ज आणि सहकारी संस्थांची कामे करणारे इंग्लंडमधले काही मराठी रहिवासी

ता. क. मालकाने पाहणीला परवानगी दिली तर तळघरात एकट्याने उतरू नका. बिअरला दाब देणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या टाक्या अनेकदा तशाच राहून गेलेल्या असतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर तळाशी साठतो, आणि वासावरून कळत नाही. आधी दोन्ही बाजूंची झाकणे-दारे उघडून वारा खेळू द्या, वायू मोजायचे यंत्र दोरीने खाली सोडून पाहा, आणि एक माणूस वर दाराशी उभा ठेवा. खालचा माणूस पडलाच तर वरच्याने स्वतः खाली धाव घ्यायची नाही. ९९९ ला फोन करायचा.